बोरटेकच्या नऊ झेंड्या

देवचंद बिऱ्हाडेला घाबरायला कारण लागत नसे. खाकी पाकिटावर ‘तातडीचे’ असा शिक्का दिसला की तो खुर्चीवरून उठून उभा राही, आणि नेमका तो नोकरीला होता सरकारी कचेरीत, जिथं बिनशिक्क्याचं पाकीट कुणी हातात धरत नाही. भडगावला कालव्याच्या कचेरीत तो अनुरेखक होता. साहेबांनी पेन्सिलीनं काढलेल्या नकाशावर ट्रेसिंगचा कागद अंथरायचा आणि खालची रेघ वर शाईनं गिरवायची, एवढंच त्याचं काम. स्वतःची म्हणून एकही रेघ मारायची नाही ही त्या नोकरीतली पहिली अट, आणि ती देवचंदच्या स्वभावाला इतकी मानवली होती की बारा वर्षांत त्याच्या कामावर कुणी बोट ठेवलं नव्हतं. शिंदखेड्याजवळच्या त्याच्या गावात, सगळ्या भावकीत, टेबलाशी बसून पगार घेणारा तो पहिलाच. हे टेबल एक दिवस कुणीतरी येऊन उचलून नेईल, ही त्याची सगळ्यात जुनी भीती.

अशा माणसाला गोल्फचा नाद लागला. कसा लागला ते सविस्तर सांगत बसलो तर झेंड्यांपर्यंत पोचायला दिवस मावळेल. खात्यानं त्याला तीन महिने नाशिकला ट्रेनिंगला पाठवलं होतं. एका रविवारी देवळालीकडे फिरायला गेला असताना त्यानं एक निवृत्त लष्करी अधिकारी पाहिला. त्या गृहस्थानं एका पांढऱ्या चेंडूला काठीनं फटका मारला आणि मग तो त्याच्यामागून सावकाश चालत गेला. कुणी ओरडलं नाही, कुणी बाद दिलं नाही. समोर उभं राहून डोळे वटारणारा कुणी नाही असा खेळ देवचंदनं जन्मात प्रथमच पाहिला. परत येताना त्याच्या वळकटीत जुन्या बाजारातल्या तीन काठ्या आणि पाच चेंडू होते.

त्यानंतर हा माणूस बदलला असं म्हणता येणार नाही, पण त्याचे रविवार बदलले. एका काठीचं लोखंडी डोकं निखळलं तेव्हा तो ती घेऊन एसटीनं धुळ्याला गेला. कंडक्टरनं “हे हत्यार खाली ठेवा” असं म्हटल्यावर पारोळ्यापासून पुढं त्यानं श्वाससुद्धा बेतानं घेतला. धुळ्याच्या वेल्डिंगवाल्यानं तो कुठल्या पंपाचा पार्ट आहे असं विचारलं आणि देवचंदनं वाद नको म्हणून एका पंपाचं नाव सांगितलं. तिथल्याच वाचनालयात त्याला या खेळाचं एक इंग्रजी पुस्तक सापडलं. त्यातली फटका मारणाऱ्या माणसाची चित्रं त्यानं ट्रेसिंगच्या कागदावर गिरवून आणली आणि घरात कॅलेंडरशेजारी टांगली. शेजारच्या बायका त्यांना योगासनं समजत. पुष्पा, म्हणजे त्याची बायको, ती तशी समजूत राहू देई.

खेळायला जागा एकच, गिरणा नदीचं कोरडं पात्र. त्या पुस्तकात लिहिलं होतं की चेंडू वाळूत पडणं ही खेळाडूवरची मोठी आपत्ती होय. देवचंदनं हे वाचलं तेव्हा तो तीन वर्षं फक्त वाळूतच खेळत आला होता.

तेव्हा त्यानं ठरवलं की आपण रीतसर मैदान करायचं. साल सत्त्याऐंशी, दिवस चैत्राचे. नदीपलीकडे बोरटेक नावाचं गाव आहे. त्याच्या शिवारात रब्बी निघाल्यावर वावरं मोकळी पडतात, मधे थोडं गायरान, एक टेकाड, एक ओहळ. देवचंदनं तिथं नऊ छिद्रं करायचं मनात घेतलं. छिद्राला झेंडी लागते, कारण लांबून दिसायला हवं.

“झेंड्या कसल्या विकत घेतोस?” शेजारी राहणारे हेडक्लार्क तोताराम नाना म्हणाले. “भांडारात रद्द झालेल्या मोजणीच्या झेंड्या पडून आहेत. उंदीर खातात. घेऊन जा. कोण विचारतं?”

कोण विचारतं हा प्रश्न देवचंदला नेहमीच छळायचा, पण नाना हेडक्लार्क होते. त्यांनी हा खेळ काय आहे ते एकदाच विचारलं होतं आणि उत्तर संपायच्या आत झोपले होते. रविवारी दुपारी सगळं बोरटेक एका लग्नाला गेलं असताना देवचंद टोपी घालून पलीकडे गेला. पुस्तकात सांगितल्याप्रमाणे पावलं मोजली. एक डोळा मिटून उतार पाहिला. वहीत टिपलं. कुदळीनं नऊ बारीक छिद्रं केली, प्रत्येकात दूध पावडरचा डबा बसवला आणि शेजारी लाल झेंडी रोवली. संध्याकाळी नदीच्या काठावरून त्यानं मागं वळून पाहिलं. नऊ झेंड्या वाऱ्यावर फडफडत होत्या आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला आपण काहीतरी केलं आहे असं वाटलं.

सोमवारी कचेरीनं त्याला आठ दिवसांसाठी जळगावला नकाशांच्या कामावर पाठवलं. मैदानावर पहिला फटका मारायचा राहूनच गेला.

आठ दिवसांनी तो परत आला तेव्हा तोताराम नाना दारातच उभे होते. शेजाऱ्याच्या घरात काही विपरीत घडलं की नानांचा चेहरा उजळतो, तसा तो त्या दिवशी उजळला होता.

“बोरटेकला दंगल व्हायची बाकी आहे,” नाना म्हणाले. “पाट जाणार म्हणून. झेंड्या लागल्यात. खात्याचा शिक्का आहे झेंड्यांवर.”

देवचंदच्या हातातली पिशवी खाली पडली.

“नाना, त्या झेंड्या तुम्हीच...”

“मी?” नानांनी आधी रस्त्याकडे पाहिलं आणि मग आवाज उतरवला. “मी असं काही बोललो असेन हे मला आठवत नाही. आणि माझी स्मरणशक्ती चांगली आहे, हे सगळ्या कचेरीला माहीत आहे.”

आता बोरटेकमध्ये काय झालं होतं ते सांगायला हवं. काही वर्षांपूर्वी शेजारच्या शिवारातून पाट गेला होता, तेव्हा लोकांनी एक गोष्ट पाहून ठेवली होती. आधी झेंड्या येतात. महिन्याभरानं झाडं मोजणारे येतात. ज्याच्या वावरात फळझाड उभं, त्याला मोबदला जास्त. झाड कालचं की परवाचं हे मोजणारा विचारत नाही, त्याच्या कागदावर तसा रकानाच नसतो. त्यामुळे लग्नाहून परतलेल्या गावानं झेंड्या पाहिल्या आणि चौथ्या दिवशी बोरटेकच्या उघड्या रानात लिंबाची शेकडो रोपं लागली. काहींनी पेरू लावले. एकानं घाईघाईत आणलेलं रोप शोभेच्या क्रोटनचं निघालं. बायका डोक्यावर हंडे घेऊन चैत्राच्या उन्हात त्या रोपांना पाणी घालत होत्या.

हे कमी होतं म्हणून झेंड्या चालू लागल्या. ज्याच्या वावरात झेंडी तो ती उपटून चुलतभावाच्या वावरात नेऊन लावी, आणि चुलतभाऊ ती सकाळी पाहिली की सख्ख्या भावाच्या वावरात. चौथी झेंडी तर तीन भाऊबंदांमध्ये इतकी फिरली की शेवटी ती मारुतीच्या पारावर सापडली. आधार आबा गावचे जुने सरपंच. ते रोज पारावर बसून पाटाचा मार्ग लावत आणि रोज तो वेगळा लागे.

“तिसरी झेंडी खाले शे, चौथी टेकाडवर शे,” ते म्हणत. “पाणी वर कसं चढी?”

“सरकारनं पाणी शे आबा, चढी,” कुणीतरी म्हणे, आणि त्यावर सगळ्यांचं एकमत होई.

हे सगळं देवचंदला कळलं ते एका खाकी पाकिटातून. बोरटेक ग्रामस्थांचा अर्ज कचेरीत आला होता. पाटाला विरोध करणारा एक आणि पाट लवकर व्हावा म्हणणारा एक, असे दोन अर्ज एकाच पाकिटात होते. उपअभियंता वाणीसाहेबांनी दोन्ही वाचले, आपल्या योजनांच्या फायली मागवल्या आणि बोरटेक कशातच सापडेना म्हणून कपाळाला हात लावला.

“झेंड्या आपल्या, शिक्का आपला, आणि योजना नाही,” साहेब म्हणाले. “कुणाचा तरी उद्योग आहे हा. बिऱ्हाडे, तुम्ही कधी कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. तुम्हीच जा. चौकशी करा, स्थळपाहणीचा नकाशा जोडा. जो कुणी असेल त्याला मी घरी बसवतो.”

‘घरी’ हा शब्द देवचंदच्या कानात दुपारपर्यंत वाजत राहिला. आणि घर तरी कुठलं? क्वार्टरही सरकारचंच. स्वतःची चौकशी स्वतः करायला निघालेला माणूस कसा चालतो हे पाहायचं असेल तर त्या दिवशी गिरणेच्या पुलावर उभं राहायला हवं होतं. तो दहा पावलं पुढं जाई आणि दोन मागं.

टोपी त्यानं घरीच ठेवली होती. गावात शिरताच आधार आबांनी त्याला खाट टाकून दिली आणि चहा मागवला. देवचंदनं तो सावकाश प्याला, कारण पेल्यानं तोंड झाकता येतं. झेंड्या कुणी लावल्या हे कुणी पाहिलं का, असं त्यानं विचारलं. आवाज इतका बारीक आला की त्याला ते दुसऱ्यांदा विचारावं लागलं.

“धुरपदाबाईनी देखं,” आबा म्हणाले. “ती लगीनले नही गयथी.”

धुरपदाबाई साठीची, एकटी बाई. नवरा जाऊन वीस वर्षं झालेली, वावर एकच, आणि सातवी झेंडी नेमकी त्यात. ती आली, देवचंदसमोर उकिडवी बसली आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. देवचंदनं वही उघडली आणि उलटी धरली.

“टोपीवाला व्हता,” ती म्हणाली. “पावलं मोजे. एक डोया मिटीसन देखे, मंग लिखे. कायासावया व्हता, तुन्हासारखाच.” ती जरा पुढं झुकली. “भाऊ, तुले कोठे तरी देखेल शे मी.”

“मी... माझ्यासारखे खूप असतात, अक्का,” देवचंद म्हणाला. हे वाक्य त्यानं चौकशीच्या वहीतही लिहून टाकलं, कारण हात थांबत नव्हता.

तिनं जास्त ताणलं नाही. तिला दुसरीच काळजी होती. तिचा दीर चिंधा शेजारीच बसला होता. वयानं उतरलेला, बोलण्यात गोड. त्यानं तिला समजावलं होतं की पाट गेला की वावर गेलं, कचेऱ्यांच्या पायऱ्या तू कुठं चढतेस.

“वहिनी, तू मन्हा नावे करी दे,” तो आता देवचंददेखतही म्हणाला. “कचेरीना लोकेस्ले मी देखी लेसू. सोमवारे भडगावले जाई अंगठा दी येवूत.”

“आते काय करनं भाऊ?” धुरपदाबाईनं देवचंदला विचारलं. “वावर तं तसंही जाईच. निदान घरमा राही.”

देवचंदनं वही मिटली आणि तो उठला. परत येताना पुलावर तो खूप वेळ उभा राहिला. नोकरी जाईल, पेन्शन जाईल, बाहेर पडल्यावर गाव मारील, आणि मग भावकीत लोक म्हणतील की पोऱ्याला टेबल मिळालं होतं ते त्यानं काठ्या खेळून घालवलं. हे सगळं एका बाजूला. दुसऱ्या बाजूला एका म्हातारीचा अंगठा. त्याला स्वतःची लाज वाटली, पण भीती त्याहून मोठी होती, आणि भीतीच जिंकली. घरी येऊन तो जेवला नाही.

पुष्पानं दोन दिवस हे पाहिलं, तिसऱ्या दिवशी त्याच्याकडून सगळं काढून घेतलं आणि काठ्या पलंगाखालून काढून त्याच्यासमोर आपटल्या. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीचा वर्ग घेत होती. जिला साठ पोरं घाबरतात ती बाई कशालाच घाबरत नाही.

“तुमची नोकरी गेली तर माझा पगार आहे,” ती म्हणाली. “तिचं वावर गेलं तर तिच्याकडे काय आहे? उद्या रविवार. जा आणि सांगून या.”

“मारतील गं.”

“मारू द्या. परवा अंगठा लागला की मग कोण मारायला येणार आहे?”

त्याला हे काही फारसं धीर देणारं वाटलं नाही, तरी तो गेला. सोबत साक्षीदार म्हणून तोताराम नाना आले. साक्षीसाठी नव्हे, तर जे होईल ते आपल्या डोळ्यांनी पाहावं म्हणून. अख्खं बोरटेक पारावर जमलं होतं. त्यानं खांद्यावरच्या काठ्या खाली ठेवल्या, हात जोडले आणि सांगून टाकलं. पाट नाही. झेंड्या माझ्या. हा एक खेळ आहे.

गाव त्या काठ्यांकडे बघू लागलं.

“खेय?” आधार आबा म्हणाले. “कसाना?”

“हा चेंडू काठीनं मारायचा. झेंडीजवळच्या छिद्रात घालायचा.”

“आनि मांगे कोन पयस?”

“कुणीच पळत नाही. मी चालत जातो.”

“एकटाच?”

“एकटाच.”

“आनि छिद्रमा गया का?”

“मग काढायचा.”

“मंग?”

“मग पुढच्या छिद्राकडे.”

आबांनी गावाकडे पाहिलं, गावानं आबांकडे. आबांच्या चेहऱ्यावर देवचंदविषयी खरीखुरी दया होती.

“भाऊ,” ते हळूच म्हणाले, “कचेरीनी तुले काय सांगीसन धाडं ते खरंखरं सांग. तुन्हाबी पोटना सवाल शे, आम्हले समजस. पन इतलं खोटं कोनी बोलस नही.”

आता आली का पंचाईत! बारा वर्षं दुसऱ्याच्या रेघा गिरवणारा माणूस जन्मात एकदा खरं बोलला, आणि ते कुणाला पटेना. चिंधा तर उठून उभाच राहिला. हा कचेरीचा डाव आहे, लोकांना झाडं उपटायला लावायची आणि मग मोजायला यायचं, असं तो म्हणाला. पाचसात जण देवचंदकडे सरकले. तोताराम नाना आधीच गर्दीच्या मागच्या रांगेत पोचले होते.

“खेयीसन दाखाड,” मागून धुरपदाबाईचा आवाज आला. “मन्हा वावरमा छिद्र शे ना? मंग तठेच दाखाड.”

दोनशे माणसं सातव्या झेंडीकडे निघाली. देवळालीच्या त्या अधिकाऱ्यामागे एक कुत्रंही नव्हतं, हे देवचंदला आठवलं. त्यानं चेंडू ढेकळावर ठेवला. झेंडी शंभर पावलांवर होती. पुस्तकात म्हटलं होतं की मन रिकामं करा. त्याचं मन आधीच रिकामं झालं होतं. त्यानं काठी वर नेली, डोळे मिटले आणि फटका मारला.

काठी वाऱ्यातून गेली. चेंडू जागच्या जागी.

“एक!” गाव ओरडलं.

दुसऱ्या फटक्यानं ढेकूळ उडालं आणि चेंडू त्याच खळग्यात बसला. तिसऱ्यानं तो उजवीकडे गेला, जिकडे झेंडी नव्हती, आणि आबांच्या नडगीवर लागला. आबा “आयोव” म्हणून खाली बसले. देवचंद माफी मागायला धावला तर त्यांनी त्याला हातानंच पुढं जा म्हणून खुणावलं. चौथा लिंबाच्या रोपात. पाचव्यानं ते रोप मोडलं. गाव आता एकसुरात मोजत होतं. आठ, नऊ, दहा. देवचंदच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. वाळूत त्याचे फटके कधी कधी खरंच बरे जात, पण ते पाहायला तिथं कुणी नसे. चौदाव्या फटक्याला चेंडू झेंडीजवळ आला, पंधराव्याला पलीकडे गेला, सोळाव्याला परत अलीकडे. शेवटी तेविसाव्या टोल्याला तो दूध पावडरच्या डब्यात खणकन पडला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. देवचंद तिथंच मातीत बसला आणि मार पडायची वाट पाहू लागला.

धुरपदाबाई पुढं आली. तिनं वाकून डब्यात हात घातला, चेंडू काढला, पदराला पुसला आणि उलटसुलट करून पाहिला.

“खोटं बोलनारा मानूस शिकीसन येस,” ती गावाला म्हणाली. “हाऊ खरा शे.”

त्यावर प्रथम आबा हसले, नडगी चोळत. मग सगळं गाव हसलं. लोक इतके हसले की बायकांना खाली बसावं लागलं. चिंधा हसला नाही, पण सोमवारी कुणी भडगावला गेलंही नाही. त्याच संध्याकाळी गावानं लिंबाची रोपं उपटायला सुरुवात केली आणि प्रत्येक रोपाबरोबर देवचंदच्या नावानं एकेक शिवी हासडली. त्या शिव्या त्याला आशीर्वादासारख्या वाटल्या. धुरपदाबाईनं आपली रोपं सगळ्यांच्या आधी उपटली.

कचेरीत गोष्ट त्याच्या आधी पोचली होती, कारण नाना त्याच्या आधी पोचले होते. देवचंदनं रीतसर खुलासा लिहिला. ‘सदर झेंड्या कोणत्याही योजनेच्या नसून खाली सही करणाऱ्याच्या वैयक्तिक व्यायामाच्या आहेत.’ त्याला स्थळाचा नकाशा जोडला. साहेबांपुढे तो उभा राहिला तेव्हा टेबलाची कड त्यानं दोन्ही हातांनी धरली होती. वाणीसाहेबांनी खुलासा वाचला. त्यांची मिशी दोनदा हलली. मग त्यांची नजर नकाशावर गेली आणि तिथंच थांबली.

“हा कशावरून गिरवला?”

“कशावरूनच नाही साहेब. मीच काढला.”

“उतार तुम्हीच घेतले?”

“चेंडू कुठं घरंगळतो ते पाहावं लागतं, साहेब.”

“छान आहे,” साहेब म्हणाले, आणि त्यांनी नकाशा खणात ठेवला. देवचंदला लेखी ताकीद मिळाली, झेंड्या भांडारात जमा झाल्या आणि नोकरी राहिली. ताकीद घेऊन तो घरी आला आणि पोटभर जेवला. त्यानंतरचे काही महिने हे त्याच्या आयुष्यातले सगळ्यात निर्भय महिने होते. दर रविवारी तो उघडउघड बोरटेकला जाई. धुरपदाबाई त्याला चहा पाजी आणि आज किती लागले म्हणून विचारी. पावसाळ्यात पिकं उभी होती तेव्हासुद्धा तिनं सातव्या छिद्राभोवती हातभर जागा मोकळी ठेवली होती.

दिवाळी झाली. एका सकाळी साहेबांनी त्याला बोलावलं आणि खण उघडला.

“बिऱ्हाडे, अभिनंदन. बोरटेकच्या पाटाची चारी मंजूर झाली. तुमच्याच नकाशावरून प्रस्ताव केला होता. टेकाडावरच्या दोन झेंड्या सोडल्या, बाकी उतार इतका बरोबर की वर कुणी शंकाच काढली नाही. चारशे एकर भिजेल. रेघ तुमची आहे तर झेंड्याही तुम्हीच लावा. अकरा वाजता मी जीपनं येतोच.”

नव्या कोऱ्या लाल झेंड्या घेऊन देवचंद पुलावरून निघाला. या वेळी तो मागं येत नव्हता, पुढं जात होता, कारण दोन गडी बरोबर होते. गावानं त्याला पाहिलं आणि आनंदानं हाका मारल्या. “भाऊ, नवा खेय का?” आधार आबांनी गमतीनं नडगी झाकून घेतली. एकाही माणसाला भीती वाटली नाही. कुणी रोपं आणायला धावलं नाही, कुणी झेंडी उपटली नाही. उलट पारावरचा एकजण उठला आणि त्यानंच झेंडी सरळ उभी करून दिली.

सातवी झेंडी धुरपदाबाईच्या वावरात, जुन्या छिद्रापासून चार पावलांवर आली. गड्यांना त्यानं पुढं पाठवून दिलं. ती चहा घेऊन आलीच.

“आज किती फटका?” तिनं विचारलं.

देवचंदनं कप घेतला नाही. कचेरीतली भाषा त्याला सापडेना, आईशी बोलायचा ती भाषा तोंडात आली.

“अक्का, या झेंड्या मन्ह्या नहीत. सरकारन्या शेत. खरा पाट शे. महिनामा झाडं मोजाले येतीन.”

ती हसली. “काठी कोठे शे तुन्ही?”

“काठी नही आनी, अक्का. खरंच सांगस.”

ती आणखी हसली. देवचंदनं ते तीनदा सांगितलं, न अडखळता, नीट सांगितलं, आणि जितकं नीट सांगितलं तितकी ती जास्त हसली. साडेदहा वाजले होते. पुलाच्या बाजूला कुठंतरी गाडीचा आवाज आल्यासारखा वाटला. सरकारी नोकरानं सरकारी झेंडी लावून झाल्यावर त्याच वावरात झाडाचा खड्डा खणणं म्हणजे काय, हे त्याला सगळ्या कलमांसकट माहीत होतं. आता ताकीद मिळणार नव्हती. टेबलच जाणार होतं.

त्यानं बांधावर पडलेली तिची कुदळ उचलली. छिद्रातला दूध पावडरचा डबा उपसून बाजूला फेकला आणि चार बोटांचं ते भोक रुंद करायला सुरुवात केली. दीड हात लांब, दीड हात रुंद, लिंबाला लागतं तसं. भीतीनं त्याचं सर्वांग लटपटत होतं, पण कुदळीचा एकही घाव चुकला नाही. एक, दोन, तीन, सगळे जिथं हवे तिथंच बसले.

पाचसहा घावांनंतर त्याच्या लक्षात आलं की मागचं हसणं थांबलं आहे. धुरपदाबाई त्याच्या हातांकडे बघत होती. चहाचा कप तिनं मातीत टेकवला, पदर खोचला आणि काही न विचारता रोपं आणायला गावाकडे धावत सुटली.